आयटीआय निवडताना भंगाराचा ढीग बघा

आमच्या शेजारच्या वयनी कुडाळच्या बाजारात मासे विकतात. मे महिन्यात दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी टोपली खाली ठेवता ठेवता त्यांनी मला विचारलं, “भावजी, झिल पास झालो. बासष्ट टक्के पडले. आता तेका खंय घालू?” झिल म्हणजे मुलगा.

मला विचारायचं कारण सरळ आहे. मी स्वतः आयटीआय केलेला फिटर, आणि एमआयडीसीत माझं शेड, गेट, ग्रिल करून देणारं छोटं वर्कशॉप आहे. दरवर्षी दोन-तीन पोरं कामाला घेतो. म्हणजे आयटीआयमधून काय बाहेर पडतं ते मी रोज बघतो. काही पोरं पहिल्या दिवशी ग्राइंडर असा धरतात की मी निश्चिंत होतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा दोन वर्षांचं फिटरचं सर्टिफिकेट घेऊन आला, मार्क चांगले. त्याच्या हातात जाडी मोजायचा व्हर्नियर दिला तर त्याने तो उलटा धरला. दोष मुलाचा नव्हता. दोन वर्षांत त्याच्या हातात तो चार वेळाही आला नव्हता, असं त्यानेच नंतर सांगितलं.

वयनींना वाडीतून सल्ले मिळालेच होते. जवळ आहे त्या आयटीआयला टाक. इलेक्ट्रिशियनच घे, त्याला मरण नाही. नाहीतर मुंबईला मामाकडे पाठव, तो बघेल काय ते. तिन्ही सल्ले अगदीच चुकीचे नाहीत, पण तिन्हींत मुलगा शिकणार काय आणि कशावर, हे कोणीच बघितलेलं नाही. म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

कागद कुठला मिळणार

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. देशात ही कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० पासून चालू आहे. अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय परीक्षा केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय, म्हणजे डीजीटी, ठरवतं. राज्यात संस्था चालवणं आणि प्रवेश देणं हे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाचं काम. महाराष्ट्रात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत आणि खासगी त्याहूनही जास्त. कोकणात बहुतेक तालुक्यांना एक सरकारी आयटीआय आहे, त्यामुळे निवड करायला वाव आहे.

परीक्षा पास झाल्यावर जे मिळतं त्याला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांत एनटीसी. रेल्वे, महावितरण, माझगाव डॉक, गोवा शिपयार्ड, आखातातली कंपनी, सगळीकडे आधी हाच कागद मागतात. राज्य परिषदेचंही प्रमाणपत्र असतं, एससीव्हीटीचं, आणि तेही बऱ्याच ठिकाणी चालतं. पण दोन्ही मिळण्यासारखी असतील तर एनटीसीच घ्यावं.

इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. मान्यता नुसत्या संस्थेला नसते, ती प्रत्येक ट्रेडला, म्हणजे फिटर, वेल्डर अशा शिकायच्या कामाला, आणि त्यातल्या प्रत्येक तुकडीला वेगळी असते. म्हणजे बाहेर मोठा बोर्ड आहे, फिटरला मान्यता आहे, पण त्याच इमारतीत चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कोर्सला नाही, असं होऊ शकतं. डीजीटीच्या पोर्टलवर प्रत्येक मान्यताप्राप्त आयटीआयचा एक कोड असतो. पहिलं अक्षर जी असेल तर सरकारी, पी असेल तर खासगी, आणि पुढे येणारा २७ हा महाराष्ट्राचा आकडा. तो कोड टाकून कुठला ट्रेड, किती तुकड्या हे मोबाइलवर पाच मिनिटांत दिसतं. ‘सहा महिन्यांत इलेक्ट्रिकल डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी’ असा फ्लेक्स कुठे दिसला तर आधी कोड विचारायचा. बोलणं लगेच दुसऱ्या विषयावर गेलं की आपल्याला उत्तर मिळालं. एखादं कौशल्य शिकायला लहान कोर्स वाईट नसतो, मोबाइल दुरुस्ती किंवा शिवणकाम असं अनेक जण शिकतात. पण तो आयटीआय नव्हे, आणि त्याची फी आयटीआयच्या पलीकडे जाता कामा नये.

आधी ट्रेड ठरवा

संस्थेपेक्षा ट्रेड महत्त्वाचा, आणि ट्रेड ठरवताना मुलाच्या मार्कांपेक्षा आपला किनारा आधी बघावा असं माझं मत आहे. इथे काय बिघडतं, काय गंजतं, काय बांधलं जातंय, तिथे काम आहे.

इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा ट्रेड, त्याला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. मोटारी, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोल पॅनल असं सगळं त्यात येतं. वायरमनही दोन वर्षांचाच, पण तो आठवी पासवर मिळतो आणि त्याचा भर घरं-इमारतींच्या जोडणीवर असतो. लोक वायरमनला कमी समजतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत दोन्ही ट्रेड चालतात, आणि बंगले, रिसॉर्ट, होमस्टे यांची वायरिंग करायला वायरमनच शोधावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडकडून आत शिरलं तेव्हा दापोली, मंडणगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं आणावी लागली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि सिंधुदुर्गात तेच. खांबावर चढणारा माणूस तेव्हा देवासारखा दिसतो.

वेल्डर एका वर्षाचा. आठवी पासवर मिळतो, म्हणून ‘ढ पोरांचा ट्रेड’ असं त्याला नाव पडलंय, आणि ते मला अजिबात पटत नाही. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. गेट, शेड, पाण्याच्या टाकीचा स्टँड, सगळं काही वर्षांनी परत वेल्डरकडे येतं. आणि ज्याला पाइपवर सगळ्या बाजूंनी वेल्ड मारता येतं, उभं, आडवं, डोक्यावर, त्याला मुंबई हाय, जामनगर, दुबई कुठेही विचारतात. त्याचा पगार ऐकून डिप्लोमावाले गप्प बसतात.

रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग, पोरं त्याला आरएसी म्हणतात, दोन वर्षांचा. किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलासाठी हा ट्रेड मला सगळ्यात हुकमी वाटतो. बर्फाचे कारखाने, मासळीची कोल्ड स्टोरेज, आंब्याचा पल्प करणारे कारखाने, मालवण-तारकर्ली ते गणपतीपुळ्यापर्यंतची हॉटेलं, आणि आता घराघरात एसी. त्यात खाऱ्या वाऱ्याने बाहेरचं युनिट लवकर सडतं. पण हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, त्यासाठी लांब जावं लागतं.

डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा. मिरकरवाडा, मालवण, देवगड, हर्णै, कुठल्याही बंदरावर ट्रॉलरमध्ये डिझेल इंजिनच असतं आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत ती सगळी खोलून बसलेली असतात. मात्र वर्गात शिकवतात ते मुख्यतः गाडीचं इंजिन, बोटीचं काम पुढे बंदरावर शिकावं लागतं.

रायगडातलं महाड, रोहा-धाटाव आणि खेडजवळचं लोटे-परशुराम हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा. तिथे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, म्हणजे एओसीपी, आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या ट्रेडना मागणी असते. चिपळूण-खेडचा मुलगा असेल तर याचा विचार करावाच. पण सावंतवाडीच्या मुलाने एओसीपी करायचं म्हणजे नोकरीसाठी घर सोडायचं, हे आधीच घरात बोलून घ्यावं. कारखान्यातल्या पाळ्या, वास, अपघाताची भीती हेही त्यात आलंच.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे जुने, भक्कम ट्रेड. मी फिटर असल्यामुळे माझं मत तटस्थ नाही. एवढंच सांगतो, फिटर झालेला माणूस पुढे वेल्डिंग, प्लंबिंग, मेंटेनन्स कशातही जातो, कारण त्याला मापाची सवय लागलेली असते. कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा एका वर्षाचा ट्रेड, सोपा समजून पालक मुलींना त्यातच घालतात. ज्या मुलीला पाना आवडतो तिला पाना द्या. जागांमध्ये मुलींसाठी ३० टक्के राखीव असतात आणि इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकमध्ये शिकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, चोख काम करतात.

पावसातच बघायला जा

ट्रेड ठरला की तो जिथे जिथे आहे अशा दोन-तीन आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जायचं. फोन करून नाही, शनिवारी नाही. मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास, मुलाला बरोबर घेऊन. प्रवेशाचे दिवस जून-जुलैचे असतात आणि कोकणात हे आपल्या पथ्यावर पडतं, कारण पावसाळ्यात लोखंड खोटं बोलत नाही. रोज चालणाऱ्या लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, बेडवर तेलाचा हात असतो, तो भर जुलैतही चकचकतो. आठवडाभर बंद राहिलेला लेथ आमच्या हवेत तांबूस होतो, महिनाभर राहिलेला लालभडक. प्राचार्यांच्या केबिनमधला चहा पिण्याआधी हे बघून घ्यावं.

मग मागच्या बाजूला जायचं, जिथे भंगार टाकतात. आयटीआयची खरी परीक्षा मी तिथे घेतो. वेल्डिंगच्या शेडमागे पट्ट्यांचे जोडलेले, कापलेले, परत जोडलेले तुकडे, जळालेल्या वेल्डिंग रॉडची टोकं यांचा ढीग असेल तर समजावं की पोरांचा हात चालतोय. फिटिंगच्या शेडमध्ये बाकांखाली लोखंडाचा कीस सांडलेला पाहिजे. सगळं स्वच्छ, पुसलेलं, भंगाराचा पत्ता नाही अशी शेड दिसली तर मला काळजी वाटते. कारण आयटीआय चालते ती मशिनींपेक्षा कच्च्या मालावर. मशीन एकदा येते आणि वीस वर्षं फोटोत दिसते. पट्टी, पत्रा, इलेक्ट्रोड, हॅक्सॉ ब्लेड, वायर, गॅस हे दर महिन्याला लागतं आणि नेमकं तेच वेळेवर येत नाही, बिलं अडकतात. मग एका पट्टीवर चार पोरं काम करतात आणि बाकीची वहीत आकृती काढतात. वेल्डरच्या पोराला विचारावं, “दिवसाला किती रॉड जाळतोस?” त्याने लगेच आकडा सांगितला तर तो जाळतोय. तो शिकवणाऱ्यांकडे बघायला लागला तर तुमचं तुम्ही समजा.

तुकडी साधारण वीस किंवा चोवीस मुलांची असते. म्हणून मोजायचं. लोखंड आवळून धरायचे व्हाइस किती, चालू लेथ किती, वेल्डिंगची केबिन किती आणि त्यात आत्ता माणूस किती ठिकाणी आहे. चालू आणि बंद हा फरक मशीनच्या वायरकडे बघून कळतो, वायर गुंडाळून वर ठेवलेली असेल तर मशीन शोभेची. आमच्याकडे पावसात वीज जाते, तेव्हा जनरेटर आहे का, तो चालतो का, हेही विचारावं. तीन तास वीज नसेल तर इलेक्ट्रिशियनची बॅच काय करते? उत्तर ‘थिअरी घेतो’ असं असेल तर ठीक, ‘सोडून देतो’ असेल तर वर्षाचे किती दिवस गेले याचा हिशोब तुम्हीच करा.

यानंतर निदेशक. आयटीआयमध्ये शिकवणाऱ्याला शिल्प निदेशक म्हणतात, आणि ट्रेडचा निदेशक कायमचा आहे, तासिकेवर आहे की पद रिकामंच आहे हा माझ्या मते सगळ्यात जड प्रश्न. रिकाम्या पदावर दुसऱ्या ट्रेडचा माणूस ‘तात्पुरता’ बसवलेला असतो. सरकारी संस्थेत तर हे विचारणं आपला हक्कच आहे, संकोच करू नये. निदेशकाचे हात बघा म्हणून सांगणं जरा आगाऊपणाचं वाटेल, तरी मी बघतो. नखात काळं असलेला निदेशक मला आवडतो.

दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एकट्याला गाठून त्याचा जॉब दाखवायला सांगायचं. जॉब म्हणजे प्रात्यक्षिकात त्याने स्वतः बनवलेली वस्तू. फिटरच्या मुलाकडे एकात एक बसणारे दोन तुकडे असायला हवेत, नर-मादी फिटिंग म्हणतात ते. ते उजेडाकडे धरून मधून प्रकाश किती येतो बघायचं. तुम्हाला फिटिंग कळत नसलं तरी प्रकाश कळतो.

एसटी किती वाजता सुटते

हा भाग लहान आहे, पण शिक्षण अर्ध्यात सुटतं ते यामुळेच. आयटीआयला परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. दिवसभराचं प्रशिक्षण, सकाळी लवकर सुरू. घाटाखालच्या किंवा खाडीपलीकडच्या गावातून दोन एसट्या बदलून रोज जायचं असेल तर पहिली गाडी किती वाजता, आणि पावसात पूल पाण्याखाली गेला की काय, हे प्रवेश घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघावं. वसतिगृह असेल तर तेही आतून बघावं, संडासासकट. वसतिगृहाचा भत्ता, फीची सवलत यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर असतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला तर सेतू केंद्रात चार चकरा कमी होतात.

खासगी आयटीआयची फी सरकारीपेक्षा बरीच जास्त असते. जास्त फी म्हणजे चांगलं असं नाही, वाईट असंही नाही. कारखान्याला जोडलेल्या किंवा एखाद्या जुन्या शिक्षण संस्थेच्या खासगी आयटीआय मी उत्तम चालताना पाहिल्या आहेत. पण फी एकूण किती, त्यात गणवेश, हत्यारं, परीक्षा शुल्क येतं का, आणि मध्येच सोडलं तर मूळ कागद परत मिळतात का, एवढं लेखी घ्यावं. मूळ दाखले अडकवून ठेवणाऱ्यांच्या दारात एका पालकाबरोबर मी स्वतः दोनदा उभा राहिलोय.

प्रवेश ऑनलाइन होतो, दहावीच्या गुणांवर. अर्जात ट्रेड आणि संस्था यांचे पर्याय क्रमाने भरायचे असतात, आणि तो क्रम म्हणजे सगळा खेळ. पहिल्या फेरीत तुम्हाला तुमचा पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून सायबर कॅफेवाल्याला ‘भर काहीतरी’ म्हणून मोबाइल देऊन पालक चहाला जातात ते बघून माझा जीव खालीवर होतो. पहिला पर्याय तोच लिहा जिथे उद्या सकाळी डबा घेऊन जायची तयारी आहे.

पास झाल्यानंतर

आयटीआय पास होणं म्हणजे अर्धं शिकणं. पास व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के आणि लेखीत ३३ टक्के लागतात, यावरूनच सरकारला काय महत्त्वाचं वाटतं ते दिसतं. उरलेलं अर्धं शिक्षण शिकाऊ उमेदवारीत होतं, आपण ज्याला अप्रेंटिसशिप म्हणतो. १९६१ च्या कायद्याने ही सोय झाली. राष्ट्रीय पोर्टलवर नाव नोंदवायचं, कंपनीत राहून शिकायचं, महिन्याला विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांत आयटीआय पास मुलासाठी ते किमान ७,००० रुपये ठरलं. शेवटी परीक्षा देऊन दुसरं प्रमाणपत्र मिळतं, एनएसी, आणि बायोडेटावर एनटीसी व एनएसी असे दोन्ही असले की माझ्यासारखा माणूस प्रश्न कमी विचारतो. म्हणून आयटीआय बघायला गेलात की विचारा, गेल्या वर्षीची तुकडी कुठे अप्रेंटिस लागली? त्यांना कंपन्यांची नावं सांगता आली पाहिजेत. काही आयटीआयमध्ये प्रशिक्षणाचा एक भाग थेट कारखान्यात होतो, त्याला दुहेरी प्रशिक्षण पद्धत म्हणतात. ती कुठे मिळाली तर सोडू नये.

इलेक्ट्रिशियन-वायरमन झालेल्याने स्वतःची कामं घ्यायची असतील तर तारतंत्री परवाना काढावा लागतो. गावात अजून त्याला पीडब्ल्यूडीची परीक्षा म्हणतात. पल्पच्या कारखान्यात बॉयलरवर उभं राहायचं तर बॉयलर अटेंडंटचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. आणि ज्याला पुढे शिकायचं आहे त्याचा रस्ता बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. ‘आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं’ असं म्हणणारे काका प्रत्येक वाडीत एक असतात.

समुद्राबद्दल न लिहिता कोकणातला लेख पुरा होत नाही. आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जाणारी घरं आहेत, आणि म्हणून फसवणारेही इथेच फिरतात. व्यापारी जहाजावर खलाशी व्हायचं तर जीपी रेटिंग नावाचा सहा महिन्यांचा कोर्स असतो. तो नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे डीजी शिपिंगने, मान्यता दिलेल्या संस्थेतूनच करावा, यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल नावाचा परवाना लागतो, आणि परवानाधारक एजंटाला नोकरीसाठी मुलाकडून पैसे घ्यायला बंदी आहे. कलमांच्या बागा गहाण टाकून लाखांत पैसे देणाऱ्या घरांना एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ज्याला मासेमारीच्या मोठ्या बोटीवरच जायचंय त्याच्यासाठी कोचीला केंद्र सरकारची सिफनेट नावाची संस्था आहे, १९६३ पासूनची. चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही तिची केंद्रं आहेत. तिथे मरीन फिटर आणि व्हेसल नॅव्हिगेटर असे दोन वर्षांचे ट्रेड दहावीवर मिळतात. शिवाय आपल्याच मत्स्यव्यवसाय खात्याच्या प्रशिक्षण केंद्रांत नौकानयन आणि इंजिन देखभालीचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, मच्छीमारांच्या मुलांसाठी. याची माहिती बंदरावर मिळते, कॉलेजात नाही.

तर वयनी. बंदीमुळे जून-जुलैत त्यांना वेळ होता. आम्ही तिघं दोन आयटीआय बघून आलो. पहिली जवळची होती, रिक्षाने वीस मिनिटं. प्राचार्य चांगले, इमारत नवी. वर्कशॉपमध्ये एका मशीनवर प्लास्टिकचं कव्हर होतं. मी काही बोलायच्या आत वयनींनी ते दोन बोटांनी वर उचललं, मासा घेताना कल्ला उचलून बघतात अगदी तसं, आणि परत खाली सोडलं. “ह्येका कोणी हात लावूक नाय,” त्या मला हळूच म्हणाल्या. आत बेड लाल झालेला होता.

दुसरी दोन एसट्या बदलून. शेडचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं आणि खाली बादल्या ठेवलेल्या. पण आरएसीच्या खोलीत एक जुना फ्रिज पोटातून उघडलेला होता आणि त्याच्याभोवती सहा पोरं, एकाच्या हातात नळी जोडायचा टॉर्च. निदेशकांनी आमच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही, ते एका पोरावर ओरडत होते. मुलगा दारातच थांबून बघत राहिला. अर्जात पहिला पर्याय त्याने हाच लिहिला, वयनींनी एसटीचं वेळापत्रक दोनदा तपासल्यावर.

पहिल्या यादीत त्याचं नाव आलं नाही, दुसरी लागायची आहे. तोवर तो माझ्याकडे येऊन बसतो. व्हर्नियर कसा वाचायचा ते मी त्याला शिकवलं, ०.०२ मिलिमीटरपर्यंत. बंदी उठली त्या आठवड्यात तो व्हर्नियर घेऊन घरी गेला आणि आईच्या टोपलीतल्या बांगड्याची जाडी मोजून आला. ४१.३६ आली म्हणाला. मला व्हर्नियर रॉकेलने पुसून घ्यावा लागला, अजून थोडा वास आहे.